ओवा, एसटी आणि आतडं

आमच्या लहानपणी पोटदुखीची निदानं दोनच. नळ भरले, नाहीतर बेंबी सरकली. पहिल्याला ओवा आणि काळं मीठ, दुसरीला गावातली चोळणारी म्हातारी. बहुतेक पोटं बरीही व्हायची, म्हणून तर तिचा मान डॉक्टरपेक्षा मोठा. पंचाईत व्हायची ती जांघेतला अंतर्गळ अडकला किंवा आतड्याला पीळ पडला की. त्यालाही चोळणं, वर एरंडेल! मग उलट्या, फुगलेलं पोट आणि सकाळची पहिली एसटी. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा जिल्हा आपला नगरचा. अकोले तालुक्याच्या डोंगरातून नगर गाठेपर्यंत दिवस कलायचा.

तोवर आतड्याचं रक्त तुटून कित्येक तास झालेले असायचे. पोट उघडल्यावर जुने सर्जन काय करत ते ऐकण्यासारखं आहे. पीळ सोडवायचा, काळंनिळं आतडं कोमट सलाइनमध्ये भिजवलेल्या कपड्यात गुंडाळायचं, भूलतज्ज्ञाला ऑक्सिजन वाढवायला सांगायचं आणि काही मिनिटं नुसतं थांबायचं. रंग परततो का, चकाकी येते का, आतडं वळवळतं का, धमनीचा ठोका लागतो का? नाहीच परतलं तर तेवढा भाग कापून टोकं जोडायची. त्या थांबण्यातलं कसब मला कुठल्याही यंत्राहून कमी वाटत नाही.

पण आतडं गुलाबी झालेले काही रुग्णही दोन दिवसांत ढासळत. १९८१ मध्ये ग्रेंजर आणि सहकाऱ्यांनी मांजराच्या आतड्यावर प्रयोग करून एक कारण दाखवलं. उपाशी राहिलेल्या आतड्यात रक्त परतलं की ऑक्सिजनपासूनच फ्री रॅडिकल्स तयार होतात आणि अस्तराला नवी इजा करतात. अस्तर गळलं की जंतू आणि विषारी द्रव्यं रक्तात उतरतात, मग फुप्फुसं आणि मूत्रपिंडंही ओढली जातात. ही इजा थोपवणारी औषधं प्राण्यांवर पुष्कळ चालली. माणसाच्या रोजच्या उपचारात मात्र त्यांतलं एकही रुळलं नाही. म्हणजे खरं औषध अजूनही वेळच.

वेळेच्या बाबतीत मात्र जिल्हा बदलला. १९७० मध्ये आरोळे दांपत्याने जामखेडला काम सुरू केलं आणि गावातल्या, अनेकदा निरक्षर, बायांना आरोग्याचं शिक्षण दिलं. १९८४ मध्ये लोणीला वैद्यकीय महाविद्यालय आलं, २०१४ पासून १०८ची गाडी. आतड्याचं रक्त कधी धमनीतल्या गुठळीनेही तुटतं; आता सीटी अँजिओग्राफीत ती पोट न उघडता दिसते. रक्त गोठू न देणारं हेपरिन सुरू होतं, कधी नळी घालून गुठळी काढतात, आणि शंका राहिली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोट पुन्हा उघडून पाहतात.

ओवा मात्र अजून घरोघरी आहे, असू द्या. पण जांघेतली गाठ अचानक दुखून आत जाईनाशी झाली, किंवा हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या वयस्क माणसाचं पोट हाताला मऊ लागूनही तो कळांनी तळमळू लागला, तर चोळत बसू नका, एरंडेल देऊ नका. तडक १०८ लावा.