७१ नंबरची ट्राम आणि दगडावरचं सूत्र

दोस्तांनो, ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना इथे ७१ नंबरची एक ट्राम आहे. कुणी वारलं, की तिथले लोक म्हणतात, ‘त्याने ७१ नंबरची ट्राम पकडली!’ कारण ही ट्राम जाते शहराच्या मोठ्या दफनभूमीकडे. आज आपणही तीच पकडू या. घाबरू नका, आपण परतीचं तिकीट काढलंय!

दोन नंबरच्या फाटकापाशी उतरा. आत शिरलात की वाटेल, ही दफनभूमी की बाग? १८७४ साली सुरू झालेली ही जागा सुमारे २.५ चौरस किलोमीटर पसरली आहे. इथे सुमारे ३० लाख माणसं विसावली आहेत, आणि आजच्या व्हिएन्नाची वस्ती आहे सुमारे २० लाख! बेथोव्हेन, शूबर्ट, ब्राम्स असे थोर संगीतकार इथे एकमेकांचे शेजारी आहेत. बहुतेक प्रवासी तिथे फोटो काढून परततात. आपण मात्र थोडं पुढे जाऊ.

हा पाहा, दाढीवाल्या माणसाचा अर्धपुतळा. नाव लुडविग बोल्ट्झमान, १८४४ ते १९०६. आणि डोक्याच्या वर कोरलंय चक्क एक सूत्र : एस = के लॉग डब्ल्यू. थडग्यावर गणित? होय! आणि तुमच्या घरातल्या कम्प्युटरलाही ते पाळावंच लागतं.

सूत्र वाटतं तितकं अवघड नाही बरं का. पत्त्यांचा जोड घ्या. राजा, राणी, गुलाम असा नीट क्रम लावायचा तर तो एकच. पण ५२ पत्ते एकूण किती क्रमांनी लावता येतात? तो आकडा लिहायला ६८ अंक लागतात! म्हणूनच पिसलेला जोड आपोआप कधी नीट लागत नाही. ‘डब्ल्यू’ म्हणजे असे किती प्रकार शक्य आहेत, ती संख्या. ‘एस’ म्हणजे त्यावरून मोजलेला पसारा. शास्त्रज्ञ त्याला एंट्रॉपी म्हणतात. आणि ‘के’ हा एक ठरलेला, अगदी बारीक आकडा. निसर्गाचा नियम असा, की सगळं धरून पसारा कधी कमी होत नाही. एका ठिकाणी आवरलंत, तर दुसरीकडे तो वाढणारच.

बोल्ट्झमान म्हणत, हवा अणुरेणूंची बनली आहे आणि त्यांची धावपळ म्हणजेच उष्णता. पण अणू कुणी पाहिलाय, असं विचारणारे मोठमोठे विद्वान तेव्हा होते. त्यांतले एक, एर्न्स्ट माख, तर याच शहरातले प्राध्यापक! बोल्ट्झमान वर्षानुवर्षं वाद घालत राहिले. पुढे मनाच्या आजाराने त्यांना घेरलं आणि त्यातच १९०६ साली त्यांचा अंत झाला. त्यानंतर दोनतीन वर्षांतच फ्रान्सच्या जाँ पेरँ यांच्या प्रयोगांनी अणू खरे असल्याची खात्री पटली. ते पाहायला बोल्ट्झमान मात्र नव्हते.

आता कम्प्युटरकडे वळू. तुमच्या पाटीवर ० किंवा १ लिहिलंय असं समजा. पुसण्याआधी दोन शक्यता होत्या, पुसल्यावर उरली एकच, कोरी पाटी. म्हणजे डब्ल्यू कमी झाला! मग तो पसारा गेला कुठे? तो उष्णता होऊन बाहेर पडायलाच हवा. हे १९६१ साली अमेरिकेतल्या रॉल्फ लँडाउअर यांनी दाखवलं. म्हणजे लिहिण्याला नव्हे, पुसण्याला किंमत मोजावी लागते! किती? एका ज्यूलचे एकावर २१ शून्ये इतके तुकडे करा, त्यातले जेमतेम तीन. नेहमीच्या तापमानाला एक अंक पुसायचा, तर याहून स्वस्तात जमणार नाही. २०१२ साली काचेच्या सूक्ष्म मण्यावर प्रयोग करून शास्त्रज्ञांनी ही मर्यादा खरी असल्याचं पडताळलं. आजचे कम्प्युटर याच्या कितीतरी पट जास्त वीज खातात, म्हणून सुधारणेला अजून भरपूर वाव आहे.

‘मग पुसायचंच नाही!’ असं कुणी म्हणालं का? शाब्बास! ३ आणि ४ ची बेरीज ७. नुसत्या ७ वरून मूळ अंक सांगता येत नाहीत, कारण ५ आणि २ सुद्धा असू शकतात. पण ७ बरोबर ३ जपून ठेवला, तर उलट मागे जाता येतं. अशा उलटता येणाऱ्या पायऱ्यांनी कुठलंही गणित करता येईल, असं चार्ल्स बेनेट यांनी १९७३ साली दाखवलं.

चला, आता ७१ नंबरनेच परत फिरू आणि विद्यापीठापाशी उतरू. तिथल्या कमानींच्या चौकात एर्विन श्रोडिंगर यांचा पुतळा आहे, आणि त्यावरही समीकरण! बोल्ट्झमान गेले त्याच १९०६ साली श्रोडिंगर इथे विद्यार्थी म्हणून आले. त्यांच्या समीकरणाप्रमाणे अणूंच्या जगात पुढे टाकलेलं पाऊल मागेही घेता येतं. क्वांटम कम्प्युटर याच वाटेने चालतो. त्यातला एक अंक ० आणि १ अशा दोन्हींच्या मिश्र अवस्थेत राहू शकतो. पण तो सगळी उत्तरं एकदम सांगत नाही हं. मोजायला गेलात, की एकच उत्तर हाती येतं. चुकीच्या उत्तरांची शक्यता घटवून बरोबर उत्तराची वाढवणं, हीच त्याची हुशारी, आणि तीही काही ठरावीक गणितांतच चालते. शिवाय आतली माहिती जरा जरी बाहेर पाझरली, तरी सगळा डाव मोडतो! म्हणून त्यातले काही कम्प्युटर अतिथंड ठेवावे लागतात, शून्याखाली २७३ अंशांच्याही आसपास.

याच व्हिएन्नात २००४ साली आन्टोन झाइलिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशकणाची क्वांटम अवस्था डॅन्यूब नदीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर, ६०० मीटर दूर पोचवली. त्यासाठी लागणारी काचतंतूची तार कुठून नेली असेल? नदीखालच्या सांडपाण्याच्या बोगद्यातून! झाइलिंगर यांना २०२२ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

आता घरी गेलात, की चालू कम्प्युटरला मागून हात लावून पाहा. गरम लागेल. त्यातली बरीचशी उष्णता टाळता येईल, आणि ती टाळण्याचं काम कदाचित तुमच्यापैकीच कुणी करेल. पण पुसण्यापुरती एक चिमूटभर कुणालाच टाळता येणार नाही. तिचा हिशेब त्या दगडावर कोरलाय.