नवसागराचा खडा

माझी नात कलबुर्गीस, म्हणजे आमच्या पिढीच्या गुलबर्ग्यास, अभियांत्रिकी शिकते. गेल्या दिवाळीत ती बिदर जिल्ह्यातील आमच्या घरी आली आणि माळ्यावरचे माझे जुने मेज खाली उतरवून म्हणाली, "आजोबा, यावर मला सर्किटे जोडायची आहेत. काय काय आणू, ते लिहून द्या."

मला आनंद झाला. १९६६ साली गुलबर्ग्यास आकाशवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हापासून आमच्या भागात रेडिओचे वेड घरोघर पसरले होते आणि त्या वेडाचा मीही एक बळी होतो. मी कागद ओढला व लिहू लागलो.

सर्वांत आधी लिहिला तो सिरीज दिवा. शंकास्पद यंत्र थेट विजेला जोडू नये. मध्ये शंभर वॅटचा दिवा घालावा. आत तारा चिकटल्या असतील, तर दिवा लख्ख पेटतो आणि यंत्र वाचते. हा दिवा जुन्या तारेचाच हवा, हल्लीचा एलईडी येथे निरुपयोगी आहे. त्यानंतर एक मल्टीमीटर, एक टोकदार पक्कड, एक कटर, एक चिमटा आणि एक भिंग. नवशिक्याने डझनभर हत्यारांचा पेटारा घेऊ नये. त्यातील अर्धी हत्यारे गंजण्यासाठीच जन्मास आलेली असतात. सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटचे पुरते. मात्र ते ठेवावयास भक्कम स्टँड हवा आणि टोक पुसावयास ओला स्पंज हवा. पूर्वीची तांब्याची टोके आम्ही कानशीने घासत असू. आताच्या टोकांवर लोखंडाचा पातळ मुलामा असतो. त्यांना कानस लावली की ती संपली.

मग सोल्डर. शेकडा साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसे असलेली तार सुमारे १९० अंश सेल्सिअसला पूर्ण वितळते व हातास वळण लावावयास सोपी जाते. परंतु शिसे हे विष आहे. म्हणून काम संपताच हात धुवावेत, खिडकी उघडी ठेवावी आणि हे मेज स्वयंपाकघरापासून दूर असावे. भांड्यांच्या कल्हईत निखळ कथीलच का हवे, हे आमच्या आजीस रसायनशास्त्र न शिकताही ठाऊक होते.

येथवर लेखणी सरळ चालली. पुढे 'राळ' हा शब्द लिहिला आणि हात थबकला.

धातूवर हवेने चढलेला गंज काढल्याविना सोल्डर धरत नाही. ते काम राळ करते आणि थंड झाल्यावर निरुपद्रवी होऊन बसते. नवसागरही तेच काम करतो, किंबहुना अधिक झपाट्याने. परंतु तो थांबत नाही. आमच्या बिदरचे बिदरी कारागीर जस्त-तांब्याच्या भांड्यात चांदीची तार ठोकतात आणि मग किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या पाण्याने ते भांडे काळे करतात. जस्त काळे पडते, चांदी उजळ राहते. इतकी ज्याची सत्ता, त्यास बारीक तारांच्या घरात शिरू देऊ नये.

हे मी शिकलो ते १९७१ साली, सोळाव्या वर्षी. आमच्या देवळातील अँप्लिफायरची एक तार आषाढात सुटली. तो आदल्या वर्षी बिदरच्या एका वृद्ध कारागिराने दुरुस्त केला होता. सारे त्यांना 'उस्ताद' म्हणत. त्यांच्याकडे कोण जाणार, मीच जोडतो, अशी मला हौस. अंगणात कल्हईवाला बसला होता. त्याच्याकडून नवसागराचा खडा मागून घेतला. सोल्डर क्षणात पसरले, तार घट्ट बसली, आणि मी कोणासही न सांगता झाकण लावले.

पावसाळा गेला. दत्तजयंतीस संध्याकाळी देऊळ भरून लोक बाहेर पटांगणात बसले होते. शेजारच्या खेड्यांतून आलेल्या म्हाताऱ्या भिंतीशी कर्ण्याखाली बसल्या होत्या. जन्माचा पाळणा सुरू झाला आणि कर्णा मुका झाला. आतला पाळणा त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही.

"उस्तादांचे काम आता पूर्वीसारखे राहिले नाही," असे कोणीतरी म्हणाले. दुसऱ्याने मान डोलावली. मी हातात कंदील घेऊन तेथेच उभा होतो, बोललो नाही. रात्री झाकण उघडून पाहिले, तो जोडाभोवती हिरवा गंज चढलेला आणि तार खाऊन टाकलेली. आषाढात जोडलेली तार मार्गशीर्षात तुटली होती. देवळाचे काम पुढे दुसऱ्या कारागिराकडे गेले. सांगावयास बिदरला जाईन म्हणता म्हणता काही वर्षे लोटली आणि उस्ताद गेल्याचे कानी आले.

यादीच्या शेवटी मी लिहिले : एक जाड नोंदवही.

"ती कशाला, आजोबा?" नातीने विचारले.

"कोणते यंत्र, कोणत्या दिवशी, काय लावले आणि कोणी लावले, एवढे लिहायला."

तिला ते पुरेसे वाटले नाही. ती माझ्याकडे पाहत राहिली. तेव्हा, चोपन्न वर्षांनी, मी ही हकीकत प्रथमच कोणास तरी सांगितली. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातून सारे सामान आणले, वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "पहिली नोंद तुमची."

मी लिहिले : देवळाचा अँप्लिफायर, आषाढ, १९७१. नवसागर लावला. चूक माझी.