साडीवर बूट, आणि तेही चाळीसगावात!

मैत्रिणींनो, साडीवर बूट घातलेली बाई दिसली की तोंडाला पदर लावून हसणाऱ्यांपैकी मी एक होते. खोटं कशाला बोलू? पण यंदा श्रावण संपता संपता मी चार दिवस चाळीसगावला वन्संकडे जाऊन आले, आणि ते हसू माझ्यावरच उलटलं. त्याचीच ही हकीकत. अधूनमधून उपदेशही करीन. तेवढा गोड मानून घ्या.

सुरुवात झाली गेल्या वर्षी. चाळीसगावहून आम्ही सगळे पितळखोऱ्याची लेणी पाहायला गेलो होतो. लेणी खाली दरीत, आणि उतरायला भरपूर पायऱ्या. पावसानं त्या शेवाळलेल्या. माझ्या पायात नवी नाजूक चपल. मधल्याच एका पायरीवर चपलेचा अंगठा निघाला आणि मी बसले ती थेट खाली! घोटा मुरगळला तो असा, की पंधरा दिवस पट्टी. घरात पोळ्या कुणी लाटायच्या, हा प्रश्न त्या पंधरा दिवसांत शेवटपर्यंत सुटला नाही. डॉक्टर म्हणाले, "चढउताराच्या वाटेवर घोट्याला आधार देणारं काहीतरी घाला."

तसं "काहीतरी" घरात होतंच. लेक नोकरीसाठी बंगळूरला गेली, तेव्हा तिचे घोट्यापर्यंतचे तपकिरी बूट मागं ठेवून गेली होती. अँकल बूट म्हणतात ते. "आई, आपला नंबर एकच आहे. घालत जा," असं बजावूनही गेली. पण बाई गं, पन्नाशीच्या बाईनं, मंगळसूत्र, कुंकू, हिरव्या बांगड्या आणि खाली बूट? ते खोक्यातून बाहेर आलेच नाहीत. यंदा वन्संचा फोन आला, "वहिनी, पितळखोरं अर्धंच राहिलंय तुमचं!" आणि मी हिय्या करून खोकं उघडलं.

गाडीतून गल्लीत

नाशिकरोडहून मनमाड, नांदगाव करत गाडी चाळीसगावला येते. मुंबईपासून हे सव्वातीनशे किलोमीटर. धुळ्याला जाणारा फाटा इथूनच सुटतो, म्हणून स्टेशनवर सदा वर्दळ.

प्रवासासाठी मी पंजाबी ड्रेसच घातला होता. पहिल्यांदा बूट घालणारीला मी हेच सुचवीन, कारण यात बूट सहज खपून जातात. चुडीदार किंवा लेगिंगच्या चुण्या बुटाच्या तोंडाशी थांबू द्या; आत कोंबल्या की घोटा सुजल्यासारखा दिसतो. वर कुर्ता गुडघ्याखाली येणारा हवा. रुंद पायांची सलवार असेल तर तिची मोहरी बुटावर अलगद पडू द्या. पलाझो असेल, तर तो बुटाच्या वर दोन बोटं संपणारा निवडा. पायघोळ पलाझोखाली बूट म्हणजे रस्ता झाडायची सोयच!

वन्संच्या दारात ओट्यावर त्यांच्या सासूबाई बसल्या होत्या. ऐंशी उलटलेल्या, नऊवारी नेसलेल्या, नजर मात्र घारीची. माझ्या पायांकडे पाहून म्हणाल्या, "काय वो माय, पोलीसमा भरती व्हयनी का?" गल्लीतल्या बायका खो खो हसल्या. मीही हसले, पण कान तापले होते. संध्याकाळी गरम कळण्याची भाकरी आणि शेवभाजी पुढं आली, तरी मनात तेच. उद्या चपलच घालावी का?

दुपारी स्टेशनजवळचं केकी मूस यांचं घर पाहून आलो होतो. 1912 साली जन्मलेला हा छायाचित्रकार आणि चित्रकार विलायतेत शिकून आला आणि 1989 साली जाईपर्यंत या घरात जवळजवळ कोंडूनच राहिला. अगदी मोजक्या वेळा उंबऱ्याबाहेर पडला म्हणतात. त्याची कला पाहून थक्क झाले. पण रात्री अंथरुणावर वाटलं, त्यानं घरात राहणं स्वतः निवडलं होतं. आपण बायका मात्र कितीदा "लोक काय म्हणतील" एवढ्यासाठी उंबऱ्याच्या आत राहतो! सकाळी उठले आणि बूटच चढवले.

पाटणादेवीला साडी नेसूनच

पाटणादेवी चाळीसगावपासून साधारण 18 किलोमीटर. सातमाळ्याच्या डोंगरांच्या कुशीत चंडिकादेवीचं जुनं दगडी देऊळ आणि भोवती गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचं रान. 1986 साली जाहीर झालेलं हे अभयारण्य सुमारे 260 चौरस किलोमीटरचं आहे. श्रावणात तिथं नुसता हिरवा रंग आणि पाण्याचा आवाज.

देवीला जायचं म्हणजे साडीच. मी सुती हातमागाची निळी साडी काढली. मैत्रिणींनो, साडीवर बूट शोभवायचे तर चार गोष्टी पाळा. पहिली, साडी नेहमीपेक्षा दोन-तीन बोटं वर नेसा आणि परकरही तेवढाच आखूड घ्या, म्हणजे काठ बुटाच्या वर सुबक दिसतो आणि चिखल लागत नाही. दुसरी, निऱ्यांना आतून एक पिन लावा; चढताना त्या बुटात अडकत नाहीत. तिसरी, खादी, हातमाग, खण, जाड सुती अशाच साड्या घ्या. पैठणीवर नि जरीच्या रेशमावर बूट नकोत, तिथं दोघांचाही अपमान होतो. चौथी, बुटाचा रंग साडीच्या काठाशी किंवा निदान पर्सशी जुळू द्या. तपकिरी बूट निळ्या, हिरव्या, मोतिया रंगांवर उठून दिसतात. काळे कशावरही चालतात. टाच बोटभर उंचीची आणि रुंद असावी.

देवळाबाहेर बूट काढायला बसले आणि माझी चोरी पकडली गेली! माझी बोटं मोकळी होती. बुटात जोडवी रुततात म्हणून सकाळी ती काढून मी पर्समध्ये टाकली होती. वन्सं बघतच राहिल्या. सासूबाईंना सांगतील का, या भीतीनं मला दर्शनही धड सुचेना. देवीसमोर हात जोडताना मनात जोडवीच.

बाहेर आल्यावर वन्सं शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, जोडवी काढायची की ठेवायची ते तुमचं तुम्ही ठरवा. पण बूट बोचतात म्हणून काढायची असतील, तर चूक बुटाची आहे. पुढं रुंद असलेला घ्या!" एवढं साधं उत्तर, आणि मी वर्षभर खोकं बंद ठेवून बसले होते.

तेव्हा हे लक्षात ठेवा. बूट विकत घेताना जोडवी आणि मोजे दोन्ही घालून नंबर बघा. जोडवी चपट्या घडणीची असली तर बरं. उंच खड्याची बुटात टोचणारच. पैंजण मात्र बाजूच्या चेनमध्ये अडकतात, तेवढे त्या दिवशी घरी ठेवा. आणि आपल्याकडे देवळात, घरात, हळदीकुंकवाला, दर दारात पादत्राणं काढावी लागतात. म्हणून नाडीचे बूट नकोत. बाजूला चेन असलेले किंवा इलॅस्टिकचे घ्या. हे इलॅस्टिकचे बूट काही आजचे नव्हेत बरं का! व्हिक्टोरिया राणीचे बूट करणाऱ्या स्पार्क्स-हॉल यानं 1851 साली त्यांचं पेटंट घेतलं होतं.

बूट देवळाबाहेर ठेवताना वाटलं, देवांना आणि बुटांना अगदीच वाकडं असेल का? तर नाही! एक देव बूट घालूनच उभा असतो, तो म्हणजे सूर्य. उत्तरेकडच्या जुन्या मूर्तींत त्याच्या पायांत उंच बूट असतात. कोणार्कच्या तेराव्या शतकातल्या मूर्तींतही ते दिसतात. वराहमिहिरानं सहाव्या शतकात सूर्याला उत्तरेकडचा वेष द्यावा असं लिहून ठेवलंय. दक्षिणेतला सूर्य मात्र अनवाणी. म्हणजे जसा मुलूख, तसा पाय!

याच पाटणच्या एका शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. साल 1207. डॉ. भाऊ दाजी यांनी हा लेख एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांच्या "लीलावती"तली गणितं एका मुलीला उद्देशून घातलेली आहेत, हे आठवलं की या रानाबद्दल मला उगाच माहेरासारखं वाटतं.

देवळापुढं ओढ्याच्या काठानं धबधब्याकडे गेलो. गोटे निसरडे, पण पाय एकदाही वळला नाही. वन्सं मात्र रबरी चपलेवर तीनदा घसरल्या.

शेतातला कासोटा

तिसऱ्या दिवशी वन्संच्या शेतावर गेलो. कपाशी कमरेएवढी, आणि काळी माती पायाला अशी चिकटते की पाऊल शेराचं होतं. तिथं वन्संनी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून माझं हसणं-लाजणं सगळं संपलं.

गेल्या हंगामात त्यांच्याकडे कापूस वेचणाऱ्या एका बाईला घोणस चावली. कुठं? बरोबर घोट्यावर. ग्रामीण रुग्णालयात वेळेवर नेलं, लस मिळाली, म्हणून ती वाचली. पण दोन महिने रोजगार बुडाला. आपल्या देशात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशानं दर वर्षी सरासरी 58 हजार माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बहुतेक दंश पायावरच होतात. घोटा झाकणारा जाड बूट ही तिथं फॅशन नव्हे, ढाल आहे. तरीही दंश झालाच, तर मांत्रिक नको, कापणं-चोखणं नको, करकचून बांधणंही नको. पाय न हलवता थेट दवाखाना गाठायचा.

शेतातल्या बायका कासोटा घालून काम करतात. मला तर वाटतं, बुटावर सगळ्यांत छान दिसणारा वेष हाच! दोन्ही पाय मोकळे, साडी पोटरीपर्यंत, खाली बूट. ज्यांना नऊवारी नेसता येते त्यांनी एकदा करून बघावंच.

वन्सं म्हणाल्या, "2021 च्या ऑगस्टअखेर गावात पूर आला ना, तितूर आणि डोंगरी दोन्ही फुगल्या होत्या. नंतर आठ दिवस मी चिखलात रबरी चपलेवर वावरले. पायाला जखम झाली ती दिवाळीपर्यंत भरली नाही. तेव्हाही बूट सुचले नाहीत, बघा." (पुराच्या पाण्यात मात्र असले बूट कामाचे नाहीत, तिथं गुडघ्याएवढे रबरी गमबूटच हवेत.)

पितळखोरं पूर्ण

चौथ्या दिवशी पुन्हा तेच पितळखोरं. यावेळी आखूड कुर्ता आणि पँट. पँटवर बूट घालताना मोहरी एकदाच दुमडा. मोहरी आणि बूट यांच्यात बोटभर फट राहिली की पाय लांब दिसतो. मोजे पँटच्याच रंगाचे घ्या.

त्याच पायऱ्या, तेच शेवाळ. ज्या पायरीवर बसकण मारली होती तिथं क्षणभर थांबले. मग एकेक पाऊल टाकत खाली पोचले. ख्रिस्तपूर्व काळातली ही बौद्ध लेणी. दारापाशी दगडातल्या हत्तींची रांग आहे. इथं सापडलेल्या एका हसऱ्या यक्षाच्या हातावर ती मूर्ती घडवणाऱ्या कान्हदास सोनाराचं नाव कोरलेलं होतं. तो यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. हत्तींसमोर उभी राहून मी लेकीला फोटो पाठवला. पायांसकट!

परतल्यावर बूट ओले झाले होते. ओले बूट चुलीजवळ किंवा कडक उन्हात वाळवू नका, कातडं तडकतं. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत ठेवा, कागद दोनदा बदला. चिखल वाळल्यावर ब्रशनं झाडा, मग पॉलिश. आत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवला की वास येत नाही. आणि घालण्याआधी दर वेळी उलटे करून झटकायचे. विंचवालाही बूट आवडतात. खानदेशच्या उन्हाळ्यात मात्र हे बूट कपाटातच बरे. तेव्हा पायाला वारा हवा.

रात्री वन्सं जुनं वर्तमानपत्र आणि पेन्सिल घेऊन आल्या. "माझ्या पायाचं माप घ्या, वहिनी. नाशिकहून आणा माझ्यासाठी." पादत्राणाचं माप संध्याकाळनंतरच घ्यावं, दिवसभरानं पाय थोडा फुगलेला असतो. मी त्यांचं पाऊल कागदावर आखलं, जोडव्यांसकट. मग त्या हळूच म्हणाल्या, "शेतातल्या चौघींची मापंही उद्या घेऊन ठेवते."

सासूबाई कोपऱ्यातून बघत होत्या. टाचांना भेगा, नखं झिजलेली. साठ वर्षं ती पावलं त्याच काळ्या मातीत अनवाणी चाललेली. म्हणाल्या, "आम्हले त कोनी बूट लई दिनात नही, माय." आम्ही दोघी गप्प. मग त्यांनीच काठी बाजूला ठेवली, पाय पुढं सरकवून कागदावर ठेवला आणि म्हणाल्या, "मना बी काढ."

तर मैत्रिणींनो, तुमच्याही घरात एखादं खोकं असेल. लेकीचं असेल, सुनेचं असेल. आज संध्याकाळी उघडून बघा. जोडवी घालूनच बघा.