आज्याचा बिल्ला आणि कोरेगावचा स्तंभ

आमच्या घरी आज्याची एकच वस्तू उरली आहे. अंगठ्याएवढा पितळी तुकडा. त्यावर उभा खांब, वर घासून पुसट झालेली अक्षरे, मागे डाखलेल्या दोन कड्या. आजी त्याला 'जेजुरीची दीपमाळ' म्हणे. आमचे गाव पुरंदर तालुक्यातले. खांब दिसला की आमच्याकडे खंडोबाच्या गडावरची दीपमाळच आठवणार! आजा लढाईवरून धडधाकट परत आला, म्हणून आजीने तो तुकडा देवाच्या टाकांत ठेवला आणि दर सणाला चिंच-राखेने लख्ख घासला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली. पाठोपाठ आमच्या वस्तीनेही दीक्षा घेतली. घरोघरचे देव फडक्यात बांधून लोक कऱ्हा नदीवर गेले. माझे वडील आप्पा तेव्हा दहा वर्षांचे होते. आज्याने काठावर गाठोडे सोडले, तेवढा एक तुकडा बाहेर काढला आणि बाकीचे पाण्यात सोडून दिले.

"ह्यो देव न्हाई," असे म्हणून त्याने तो आप्पांच्या हातावर ठेवला.

"मग काय हाय?" आप्पांनी विचारले.

आजा काहीच बोलला नाही. पुढे १९७४ साली तो गेला, तोवर कधीच बोलला नाही. तो बेळगावला पलटणीत भरती झाला होता आणि १९४६ साली घरी आला, एवढेच आप्पांना ठाऊक.

१ जानेवारी २०२४ रोजी मी मुलीला घेऊन कोरेगाव भीमाला गेलो. निघताना आप्पांनी तो तुकडा रुमालात बांधून दिला. "तिथं जुनी फौजी मानसं येत्यात. दाखव कुनाला तरी," म्हणाले.

पुण्याहून नगर रस्त्याने वाघोली, लोणीकंद मागे टाकून पेरणे फाट्याकडे जावे लागते. स्तंभ भीमेच्या अलीकडच्या काठावर, पेरणे हद्दीत आहे, कोरेगाव पुलापलीकडे. गाडी लांब ठेवून पुढे बसने व पायी गेलो. २०१८ च्या हिंसाचारानंतर पोलीस बंदोबस्त मोठा असतो. दुतर्फा निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल, पांढऱ्या साडीतल्या आयाबाया, खांद्यावर झोपलेली लेकरे.

रांगेत असताना मुलीने रुमाल सोडला. तुकडा डोळ्यांसमोर धरून एकदा त्याच्याकडे, एकदा स्तंभाकडे पाहिले.

"पप्पा, दीपमाळेला दिवे ठेवायला हात असतात. याला कुठे आहेत?"

मी पाहातच राहिलो. खाली रुंद चौथरा, वर निमुळता होत गेलेला दगड. चाळीस वर्षे जी वस्तू हाताळली, ती समोर उभी होती!

आमच्या पुढे कोटावर पदके लावलेले एक निवृत्त हवालदार होते. त्यांनी तुकडा घेऊन पुसट अक्षरांवरून अंगठा फिरवला. "महार रेजिमेंट. टोपीचा बिल्ला आहे हा. मागच्या कड्या त्यासाठीच." मग त्यांनी समजावून सांगितले. रेजिमेंट ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिली. पहिल्या बिल्ल्यावर हाच स्तंभ आणि वर 'महार' हे नाव होते. १९४६ साली रेजिमेंट मशीनगनची झाली, मग बिल्ल्यावर दोन मशीनगन आल्या. पुढे स्तंभ जाऊन खंजीर आला. "नुसता स्तंभ म्हणजे तुमचे आजोबा पहिल्या पिढीतले," असे म्हणून त्यांनी बिल्ला मुलीच्या हाती देताना सॅल्यूट केला.

स्तंभ कंपनी सरकारने आपल्या विजयासाठी उभारला, हे खरे. १ जानेवारी १८१८ ची लढाई, १८२१ साली पायाभरणी. पण त्या दगडावर 'नाक' प्रत्यय असलेली आमच्या पूर्वजांची नावे कोरली आहेत. त्याच सरकारने पुढे १८९० नंतर आमची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज लिहिले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली '१११ महार' पलटण उभारली आणि १९२१ साली मोडली. गरज सरो, वैद्य मरो! १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब या स्तंभापाशी आले, ते ही विसरलेली ओळख जागी करायला. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी पाठपुरावा केला, तेव्हा स्वतंत्र रेजिमेंट मिळाली.

परतीच्या वाटेवर मला आज्याचे गप्प राहणे उमगले. ज्या हातांनी बंदूक धरली, त्याच हातांत गावाने १९४६ साली पुन्हा येसकराची काठी दिली. महार वतन रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. तोवर हा बिल्ला आज्याने कुणाला दाखवायचा? आणि काय म्हणून?

घरी आल्यावर आप्पांना सारे सांगितले. ते बराच वेळ बिल्ला तळहातावर घेऊन बसले. "कागूदबी व्हता एक पलटनीचा," म्हणाले, "वाळवीनं खाल्ला."

मुलीने विचारले, बुद्धमूर्तीपुढे ठेवू का?

"न्हाई," आप्पा म्हणाले. "ह्यो देव न्हाई."

आम्ही तो कपाटात ठेवला. सोबत चिठ्ठी ठेवली : आज्याचे नाव, गाव, बेळगाव, १९४६, आणि ओळख कशी पटली ते.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्याही घरातल्या जुन्या ट्रंका एकदा उघडा. एखादा बिल्ला, पदक, बटण, नाव कापण्याचा कागद सापडेल. जिवंत असलेल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि लिहून ठेवा. दगडावर बावीस नावे कोरली गेली. बाकीची आपल्यालाच लिहायची आहेत.

जयभीम.