चाळीवरचा उजेड

सप्टेंबरातली पहाट, साडेचार वाजले असतील. लासलगावच्या लिलावाला ट्रॉली वेळेत लावायची म्हणून आम्ही चाळीवर कांदा भरत होतो. उजेड म्हणजे पुतण्याच्या हातातल्या मोबाइलचा. मी पाटी उचलायला वाकलो, तर पाटीच्या कडेला घोणस वेटोळं घालून बसलेली. माझा हात आणि ती यांत वीतभर अंतर. चाळीखाली उंदीर, उंदरामागे साप, त्यात नवल नाही. नवल याचं की सहा वर्षं आम्ही तिथे अंधारात हात घालत होतो.

आमचं रान सिन्नरच्या पूर्व भागात. 25 टनांची चाळ मुद्दाम माळावर बांधली, तिथे वारा खेळतो, पाणी साचत नाही. पण विजेची डीपी 700 मीटरवर आणि मधलं रान चुलतभावाचं. बांधावर पोल रोवू देणार नाही, हे त्याने वडील असतानाच सांगून ठेवलेलं. तो विषय मी पुन्हा काढला नाही.

पेट्रोलचा जनरेटर आठवडाभर भाड्याने आणून पाहिला. चार दिव्यांसाठी ते धूड रात्रभर बोंबलत राहायचं. पुतण्या म्हणाला, "काका, विहिरीवर सौरपंपाचे पॅनल आहेतच की, तिथूनच तार ओढू." पण ते पॅनल एकामागे एक जोडलेले, व्होल्टेज शेकड्यांत, तेही डीसी. त्याची ठिणगी पडली की सहजी विझत नाही. शिवाय त्या पंपाला बॅटरी नाही. पहाटे साडेचारला तो आमच्याइतकाच आंधळा.

मग तालुक्याला जाऊन दुकानदाराला गाठलं. त्याने विचारलं, काय काय चालवायचं? मी हौसेने सांगितलं: चार दिवे, कॅमेरा, तीन पंखे. कांद्याचा भाव चढला की चाळीवर राखण लागते, म्हणून कॅमेरा. आणि पावसाळ्यात हवा कोंडली की कांद्याला काजळी धरते, सडका वास सुटतो, म्हणून पंखे. त्याने कागदावर मांडलं: 1 किलोवॉटचे पॅनल, इन्व्हर्टर, 150 एएचच्या दोन बॅटऱ्या. साधा पंखा 75 वॉटचा. तीन पंखे रात्रभर, म्हणजे दहा तास, चालले तर सव्वादोन युनिटं. दोन भरल्या बॅटऱ्यांत साडेतीन युनिटं मावतात, पण लेड-अ‍ॅसिडची बॅटरी टिकवायची तर त्यातली निम्मीच वापरायची. म्हणजे एक रात्रसुद्धा धड निघत नव्हती. त्याने शांतपणे आणखी दोन बॅटऱ्या लिहिल्या.

तो कागद घरी दाखवला. ही भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, रात्री पंखा कशाला? रात्रीची हवा ओली. ती कांद्यावर मारून कांदा सुकणार की भिजणार?"

मी गप्पच झालो. एवढी वर्षं कांदा साठवतोय, आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही. पंखा लावायचा तो दुपारी, हवा त्यातल्या त्यात कोरडी असते तेव्हा. आणि दुपारी पॅनल चालू असतातच. मग पंख्याला बॅटरी हवीच कशाला? रात्रीसाठी उरले 9 वॉटचे चार दिवे आणि 5 वॉटचा कॅमेरा, दिवे रात्रभर न ठेवता कामापुरतेच लावले तर सगळं मिळून पाव युनिटही नाही. एकच 150 एएचची बॅटरी तीन-चार रात्री काढेल.

इन्व्हर्टरही गेला. काही न चालवता नुसता चालू ठेवला तरी तो 10-15 वॉट खातो, म्हणजे दिवसभरात माझ्या दिव्यांपेक्षा जास्त. दिवे, पंखे सगळं 12 व्होल्ट डीसीचंच घेतलं. पंखे 30 वॉटचे, बीएलडीसी. लिथियम बॅटरीचा मोह झाला होता, पण लेड-अ‍ॅसिडची बिघडली तर तालुक्याला कुठल्याही दुकानात दुसरी मिळते. तिच्यात डिस्टिल्ड पाणी घालायचं काम पुतण्याकडे.

पॅनल 165 वॉटचे दोन. ते बसवणारा दक्षिणेकडे 20 अंश कलवायला निघाला. वर्षभराचा हिशेब धरला तर त्याचं बरोबर. पण माझी चाळ भरलेली एप्रिल ते ऑक्टोबर, आणि आमच्याकडे मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या चौथ्या आठवड्यात सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. मधल्या दिवसांत तर तो उत्तरेकडेच. म्हणून पॅनल बरेच आडवे ठेवले, 10 अंशांवर. पावसाचं पाणी वाहून जाईल इतकाच उतार.

एक चूक माझी. तार हलकी घेतली. 12 व्होल्टात वायर बारीक असली की दूरवर पोचेपर्यंत दाब पडतो. चौथा दिवा अजून पिवळट, आजारी माणसासारखा.

पुढच्या ऑगस्टात पाच दिवस सलग आभाळ राहिलं. आमच्या भागाची ही रीतच, पाऊस द्यायचा नाही आणि ऊनही पडू द्यायचं नाही. कॅमेरा तिसऱ्या दिवशी काढून ठेवला, दिवे पाचव्या रात्रीही लागले. पंखे मात्र दुसऱ्या दुपारपासूनच रखडायला लागले, नेमकी हवा कोंडली तेव्हा. आम्ही चाळीच्या दोन्ही बाजूंचे बारदानाचे पडदे वर गुंडाळले आणि काजळी धरलेला कांदा हाताने निवडत बसलो. दोन क्विंटल फेकला. दुकानदार फोनवर म्हणाला, अजून एक बॅटरी टाका. मी तिसऱ्या पॅनलचा भाव विचारला, आणि जाड वायरीचाही.