जाड सागवान आणि उथळ फेऱ्या

खरवईच्या एमआयडीसीत सीएनसी राउटरवर जाड लाकूड कापताना माझं एक मत पक्कं होत गेलं: 50 मिलिमीटर सागवानात खरी अडचण भुशाची असते. बिट खोल खाचेत उतरला की कातरलेला भुसा वर यायला जागा उरत नाही, तोच पुन्हा पुन्हा दळला जातो आणि कड काळी पडते. अशा वेळी वेग कमी करायची सवय सगळ्यांनाच असते. पण 18,000 आरपीएमवर दोन धारांचा बिट मिनिटाला 3.6 मीटर चालला, तर प्रत्येक धार 0.1 मिलिमीटर लाकूड काढते, तोच 0.6 मीटरवर आणला तर 0.02 मिलिमीटरसुद्धा काढत नाही. मग धार कापायची थांबते आणि घासत राहते. एरवी भुशाबरोबर निघून जाणारी उष्णता बिटातच साठते. सागवानात मुळातच सिलिका असल्याने धार लवकर बोथटते, त्यात ही भर. म्हणून वेग राखावा आणि खोली कमी करावी. 12 मिलिमीटरच्या बिटाने एका फेरीत 6 मिलिमीटर उतरणं मला रास्त वाटतं.

यावर पहिला आक्षेप वेळेचा. 50 मिलिमीटरला नऊ फेऱ्या लागतात, हे खरं. पण घेर दोन मीटरचा असेल तर 3.6 मीटरच्या वेगाने त्या पाच मिनिटांत होतात, आणि जळालेली कड पॉलिशपेपरने घासत बसण्यात याहून जास्त वेळ जातो. एवढ्या खोलीपर्यंत पोहोचायला लांब बिटाचा उपाय सुचवला जातो. तो मला पटत नाही. बाहेर आलेली लांबी दुप्पट झाली की तेवढ्याच जोराला बिट आठपट वाकतो, मग कड काटकोनात येत नाही. त्यापेक्षा दोन खुंट्यांवर फळी नेमकी बसवून, ती उलटून, अर्धी जाडी एका बाजूने आणि अर्धी दुसऱ्या बाजूने कापावी.

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारासाठी काम करणारा जुना सुतार विचारेल, बँडसॉ असताना हा खटाटोप कशाला? त्याचं म्हणणं मला बरंचसं मान्य आहे. बँडसॉचं पातं अरुंद, त्यामुळे लाकूड कमी वाया जातं आणि जाडीचं त्याला ओझं नसतं. त्याला जमत नाही ते वीस पाय हुबेहूब एकसारखे काढणं. म्हणून आकार आधी बँडसॉवर दोन-तीन मिलिमीटर राखून कापावा आणि शेवटचा हात राउटरने फिरवावा. तेव्हा बिट बंद खाचेत अडकत नाही आणि भुसा मोकळा पडतो. तो भुसा ओढून घेणारी यंत्रणाही हवीच. लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरलेली आहे.

जाड लाकडाचं काम देणाऱ्यांनी दर विचारण्याआधी बिटाची जाडी, त्याच्या धारेची लांबी आणि एका फेरीची खोली विचारावी.