मधल्या घराची मिळकत

गावातली सगळी घरे वर्षाच्या मिळकतीप्रमाणे चढत्या क्रमाने मांडली, की बरोबर मध्यावर येणाऱ्या घराची मिळकत म्हणजे मध्यक. खेड्याची स्थिती सांगायला सरासरीपेक्षा मध्यक का घ्यावा, ते जुन्नर तालुक्यात जुलै 2023 मध्ये उघड दिसले. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे वीस किलोचे क्रेट दोन हजार रुपयांच्या वर गेले. ज्यांचा माल नेमका त्या आठवड्यांत निघाला, त्यांतल्या काहींच्या हाती एका हंगामात लाखांनी पैसा आला. अशा थोड्या घरांमुळे सरासरी फुगते; मध्यावरचे घर जागचे हलत नाही.

खरी मेहनत क्रम लावण्याआधीची आहे. पहिला प्रश्न, घर कशाला म्हणायचे? राष्ट्रीय नमुना पाहणीत एका चुलीवर जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब. पिंपळवंडीसारख्या बागायती गावात सातबारा तिघा भावांचा सामाईक असतो, चुली मात्र तीन; आणि चाकणला कंपनीत असलेला मुलगा खोली करून राहतो, पैसे घरी पाठवतो. वाटणी झाली की आकडा आणखी फसवा होतो. वर्षाला सहा लाख मिळवणाऱ्या एका घराची तीन-तीन लाखांची दोन घरे होतात. कोणीही गरीब झालेले नसते, तरी गावाचा मध्यक खाली येऊ शकतो. म्हणून दोन काळांची तुलना करताना घरटी माणसे किती, हे शेजारी मांडलेच पाहिजे.

दुसरा प्रश्न मिळकतीचा. ‘वर्षाला किती सुटतात?’ असे विचारले, की शेतकरी अंदाजाने एक गोल आकडा सांगतो. त्यात लबाडी नसते. त्याचा हिशोबच पिकावार असतो, आणि विचारायचेही तसेच. टोमॅटोच्या विक्रीची पट्टी हातात घेतली, की क्रेट, भाव, हमाली, तोलाई आणि गाडीभाडे ओळीने दिसतात. पट्टीवरच्या निव्वळ रकमेतून पुढे रोपे, मल्चिंग पेपर, बांबू, तार-सुतळी, औषधे आणि तोडणीची मजुरी वजा करायची. दुधाचे बिल दहा दिवसांनी येते, ते बरेचसे भरवशाचे. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा असतो आणि कारखान्याकडून पैसे हप्त्याने येतात. ते कोणत्या वर्षात धरायचे, हे पाहणीआधीच ठरवावे. घरी खाल्लेली ज्वारी-बाजरीही बाजारभावाने मिळकतीत धरावी, नाहीतर कोरडवाहू घरे आहेत त्याहून गरीब दिसतात.

सरकारी कागद इथे जपून वापरावे लागतात. उत्पन्नाचा दाखला फीसवलतीसाठी काढलेला असतो, त्यामुळे त्यावरचा आकडा मर्यादेच्या आत राहण्याकडे झुकतो. शिधापत्रिकेचा रंगही तसाच. 1999 मध्ये पिवळ्या कार्डाची मर्यादा वर्षाला 15,000 रुपये आणि केशरीची एक लाख होती. तेव्हाचा लाख आणि आजचा लाख एकाच पंक्तीत बसत नाहीत.

काळाच्या ओघात मोजायचे तर मागचा धागा बारीक आहे. कृषिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरची घरोघर पाहणी करून ती 1917 मध्ये प्रसिद्ध केली. जमिनीवर भागणारी, बाहेरच्या कमाईने भागणारी आणि दोन्ही मिळूनही न भागणारी असे घरांचे तीन गट त्यांनी केले. तिसऱ्या गटात जवळपास दोन तृतीयांश घरे होती, म्हणजे मधले घरही त्यातच. एवढे कळायला रुपयांचा अचूक आकडा लागला नाही. अलीकडच्या पाहण्यांत देशातल्या शेतकरी कुटुंबाची सरासरी मासिक मिळकत 2012-13 मध्ये 6,426 रुपये, तर 2018-19 मध्ये 10,218 रुपये आली. मात्र ही सरासरी आहे, महागाई वजा न केलेली आहे, आणि शेतकरी कुटुंब ठरवण्याची उत्पादनाची अटही मधल्या काळात तीन हजारांवरून चार हजार रुपये झाली.

या पाहण्यांचा नमुना राज्यासाठी बेतलेला. तालुक्याच्या वाट्याला मोजकीच घरे येतात. अमेरिकेत लहान काउंटीसाठी पाच वर्षांचे नमुने एकत्र करतात. जुन्नरमध्ये निदान लगतच्या तीन वर्षांची मिळकत प्रत्येक घरासाठी एकत्र धरून, ग्रामीण मजुरांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाने ती एका वर्षाच्या भावांवर आणून मगच घरे क्रमाने लावावीत. एकट्या 2023 वरून काढलेला निष्कर्ष टोमॅटोचा असेल, गावाचा नव्हे.

मध्यकाचा एक मोठा दिलासा आहे. वरच्या बागायतदाराने निम्मी मिळकत लपवली, तरी तो मध्याच्या वरच राहत असेल तर उत्तर बदलत नाही. म्हणून उलटतपासणीचा वेळ मधल्या पट्टीतल्या घरांवर घालवावा: दोन एकर, दोन गाई, एक हंगामी मजुरी. हीच घरे थोड्या चुकीनेही इकडची तिकडे होतात.

आणि तालुक्याचा एकच मध्यक काढून थांबू नये. जुन्नर आणि शेजारच्या आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेला भात, हिरडा आणि मजुरीवर जगणारी महादेव कोळी व ठाकर समाजाची गावे आहेत. पूर्वेला कुकडीच्या कालव्याचे पाणी. ऊसतोडीला बाहेरून आलेल्या टोळ्या कोपीवर हंगाम काढतात आणि बहुतेक वेळा कोणत्याच यादीत येत नाहीत. पश्चिम आणि पूर्व पट्ट्यांचे मध्यक वेगळे द्यावेत, आणि तोडणी मजूर मोजले की वगळले, ते आकड्याखालीच लिहावे.